रागाला कायदा कळतो

माझा मुलगा साडेचार वर्षांचा असताना एका सकाळी त्याच्या हातून दुधाचा पेला माझ्या कामाच्या कागदांवर सांडला आणि मी त्याच्या गालावर चापट मारली. साताऱ्याच्या न्यायालयात वकिली करीत मला तेव्हा आठ वर्षे झाली होती. त्या दिवशी अकरा वाजता एका दाव्यात उलटतपासणी होती, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, खाली शाळेच्या रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला होता, आणि रात्री बारापर्यंत बसून काढलेल्या प्रश्नांची शाई माझ्या डोळ्यांदेखत पसरत होती. चापट फार जोराची नव्हती. गालावर वळ उठला नाही आणि तो मोठ्याने रडलाही नाही. त्याने पेला उचलला, त्यात घोटभर दूध उरले होते, आणि तो पेला त्याने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

त्या दिवशी कोर्टात मी आणखी तीन वेळा चिडले. कारकुनाला माझ्या दाव्यातला एक महत्त्वाचा दस्तऐवज सापडेना, आणि तो शोधण्याऐवजी तो मला दुसऱ्या टेबलाकडे पाठवीत राहिला. समोरच्या ज्येष्ठ वकिलांनी भर न्यायालयात, साक्षीदारादेखत, “ताई, आधी कायदा वाचून या,” असे मला ऐकवले. दुपारी माझ्याच पक्षकाराने माझ्याशी खोटे बोलल्याचे उघड झाले. या तिन्ही वेळा आलेला राग सकाळच्या रागापेक्षा मोठा होता आणि त्याला कारणही सकाळपेक्षा मोठे होते. तरीही माझा हात कोणावर उठला नाही, उठावा असे मनातही आले नाही. संध्याकाळी घरी परतले तेव्हा शेजारच्या मुलाच्या चेंडूने आमच्या दारातली कुंडी फोडलेली होती. मी त्याला म्हणाले, “जरा बेताने खेळ रे.”

कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत मी नेहमी एक प्रश्न विचारते. नवरा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असतो आणि सांगत असतो की माझा राग अनावर झाला, मला काही सुधरले नाही, हात उठून गेला. मी त्याला विचारते, “तुमच्या साहेबांचा तुम्हाला कधी राग आला आहे का?” तो हो म्हणतो. “त्यांच्यावर कधी हात उगारलात का?” तो नाही म्हणतो. यापुढे मला फारसे विचारावे लागत नाही. जो राग साहेबांसमोर आवरतो आणि बायकोसमोर आवरत नाही, तो अनावर नसतो. समोर कोण आहे आणि त्याच्यावर हात टाकल्यास काय होईल, हे त्याला नीट ठाऊक असते. त्या रात्री मुलगा झोपल्यावर मी वाळलेले, दुधाने ताठ झालेले ते कागद उलगडत बसले असताना हाच प्रश्न मला स्वतःला लागू पडतो हे माझ्या लक्षात आले. दिवसभरात मला चार माणसांचा राग आला होता आणि त्यांतल्या एकालाच मी मारले होते. त्या चौघांत सर्वांत लहान तो होता, सर्वांत कमी अपराध त्याचा होता, आणि ज्याला मारले असता कायद्याने मला कोणीही काहीही विचारले नसते असाही तोच एकटा होता.

तेव्हापासून पालकांनी मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी असावी का, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. माझे उत्तर होकारार्थी आहे, पण तिथवर यायला मला बरीच वर्षे लागली, आणि वाटेत ज्या शंका आल्या त्या खोट्या नव्हत्या.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एक श्लोक आहे. बायको, मुलगा, दास, नोकर आणि सख्खा धाकटा भाऊ यांनी अपराध केल्यास त्यांना दोरीने किंवा वेळूच्या कांबीने मारावे, असे तो सांगतो. पुढच्याच श्लोकात, मारायचे ते पाठीवर, डोक्यावर कधीही नाही, अशी मर्यादा घातलेली आहे. मी हा श्लोक कायद्याची विद्यार्थिनी म्हणून वाचते, आणि मला त्यातली ती पाच जणांची यादी महत्त्वाची वाटते. घराच्या कर्त्या पुरुषाच्या हाताखाली असलेली सगळी माणसे तिच्यात एका ओळीत उभी आहेत. त्यानंतरचा आपला कायद्याचा इतिहास म्हणजे या ओळीतून एकेक माणूस बाहेर काढण्याचा इतिहास आहे. १८४३च्या कायद्याने हिंदुस्थानात दासाला कायद्याच्या लेखी दास राहू दिले नाही. नोकराला मारणारा मालक आज सरळ मारहाणीचा आरोपी होतो, भावाला मारणारा भाऊही होतो. बायकोच्या बाबतीत १९८३ साली दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले आणि २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा स्वतंत्र कायदा झाला. इतकेच नव्हे, तर गुन्हा सिद्ध झालेल्या कैद्याला फटके मारण्याची शिक्षाही १९५५ साली संसदेने कायदा करून रद्द केली. चोराच्या पाठीवर सरकारला फटका मारता येत नाही. त्या यादीत आता एकटे मूल उरले आहे.

मूल कायद्यात नेमके कुठे उभे आहे, ते सांगायला हवे, कारण बहुतेक पालकांना ते माहीत नसते आणि मला वाटते काही वकिलांनाही नसते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिचे कलम २७ म्हणजे जुन्या दंड संहितेचे कलम ८९. बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी त्याच्या पालकाने, किंवा पालकाच्या संमतीने दुसऱ्या कोणी, सद्भावनेने केलेली गोष्ट, तिच्यामुळे मुलाला इजा झाली तरी, गुन्हा ठरत नाही, असे ते कलम सांगते. जीव घेण्याच्या हेतूने केलेले कृत्य आणि जबर दुखापत यांसाठी त्यात अपवाद आहेत. शिक्षा किंवा मार हा शब्द कलमात कुठेही नाही. पण मुलाला वळण लावण्यासाठी मारले असा बचाव करायचा झाल्यास पालकाला याच कलमाच्या आडोशाला यावे लागते, आणि जुन्या निकालांत शिक्षकांनाही या कलमाचा आधार मिळालेला आहे.

या कलमाखाली कायदा करणाऱ्यांनी एक उदाहरण दिले आहे, जे १८६० सालापासून आजच्या संहितेपर्यंत कायम आहे. एक माणूस आपल्या मुलाचा मुतखडा शल्यवैद्याकडून कापून काढवतो. या शस्त्रक्रियेत मूल दगावण्याचा संभव आहे हे त्याला ठाऊक असते, पण मूल बरे व्हावे हाच त्याचा हेतू असतो, म्हणून तो दोषी ठरत नाही. हे उदाहरण मी पहिल्यांदा लक्ष देऊन वाचले तेव्हा बराच वेळ त्या पानावरच थांबले. ज्या काळात शस्त्रक्रिया म्हणजे जिवावरचा खेळ होता, त्या काळी मुलाला टेबलावर निजवणाऱ्या बापाचे मन कलमाच्या मसुदाकाराच्या डोळ्यांपुढे होते. त्या बापाला कायद्याने धीर द्यावा हे योग्यच होते. मात्र मुतखड्यासाठी उघडलेल्या दारातून पुढे छडीही आत आली आणि दीडशे वर्षे आतच राहिली.

१८६० हेच साल इंग्लंडमध्ये दुसऱ्या एका कारणाने लक्षात राहिले. ईस्टबोर्न येथील थॉमस हॉप्ली नावाच्या शिक्षकाने रेजिनाल्ड कॅन्सेलर या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याला, त्याच्या वडिलांची परवानगी घेऊन, इतके मारले की तो मुलगा मरण पावला. हॉप्लीला शिक्षा झाली. पण त्याला दोषी ठरवताना मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी असे तत्त्व मांडले की पालक किंवा शिक्षक मुलाला सुधारण्यासाठी ‘माफक आणि वाजवी’ शारीरिक शिक्षा करू शकतात. एका मुलाच्या मृत्यूच्या खटल्यातून निघालेले हे ‘वाजवी’ पुढे इंग्रजी कायद्यात पालकांची ढाल बनले. स्कॉटलंडने ती ढाल नोव्हेंबर २०२०मध्ये आणि वेल्सने मार्च २०२२मध्ये काढून घेतली, आणि आपल्याला कायद्याची भाषा शिकवणाऱ्या इंग्लंडने ती २००४च्या कायद्यात आखूड केली, पण मोडली नाही.

आपल्याकडे २०१५च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७५ आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे अशा व्यक्तीने मुलाला मारहाण केली, त्याची हेळसांड केली आणि त्यामुळे त्याला ‘अनावश्यक’ शारीरिक किंवा मानसिक यातना होण्याचा संभव असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चटके देणारा बाप, उपाशी कोंडून ठेवणारी सावत्र आई यांच्यासाठी हे कलम आहे आणि ते वापरलेही जाते. पण ‘अनावश्यक’ या एका विशेषणाने मला फार अस्वस्थ केले आहे. यातना अनावश्यक असू शकत असतील, तर आवश्यक यातना कोणत्या? त्या कोणी ठरवायच्या? आणि बारा वर्षे ही रेघ तर त्याहून चमत्कारिक आहे. तेरा वर्षांच्या, थोडेफार पळून जाऊ शकणाऱ्या, उलट बोलू शकणाऱ्या मुलाला कलम २७ लागू होत नाही. ते लागू होते त्या मुलाला, ज्याला दार उघडून बाहेर जाता येत नाही.

शाळेत मात्र आपण ही रेघ पुसून टाकली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०००मध्ये दिल्लीतील शाळांना शारीरिक शिक्षेची मुभा देणारे नियम रद्द केले. पुढे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने १ एप्रिल २०१०पासून शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना देशभर मनाई केली. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षे शिक्षक होते आणि हा कायदा येण्याच्या आधीच निवृत्त झाले. ते मारकुटे शिक्षक म्हणून ओळखले जात नव्हते, पण त्यांच्या टेबलावर छडी असे आणि तिचा उपयोग होत असे. घरीही होत असे. शुद्धलेखनातल्या चुकीला तळहातावर एक, खोटे बोलण्याला दोन, असा त्यांचा हिशेब ठरलेला होता आणि त्यांनी तो कधी मोडला नाही, ना आमच्या बाजूने ना आमच्या विरुद्ध.

काही वर्षांपूर्वी मी त्यांना विचारले, “अण्णा, तुमच्या वेळी हा कायदा असता तर तुम्हाला काय वाटलं असतं?” मला वाटले होते, आजकालच्या पोरांना धाक उरला नाही, असे काहीतरी ते म्हणतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मला सोपं गेलं असतं.”

मग ते सांगू लागले. दोन इयत्ता एका खोलीत, साठ-पासष्ट मुले. पालक मुलाला घेऊन येत ते हेच सांगत, “गुरुजी, डोळे तेवढे सांभाळा, बाकी पोरगं तुमचंच.” जो शिक्षक मारत नाही तो शिकवत नाही, अशी गावाची समजूत होती. तपासणीला आलेले साहेब वर्ग शांत आहे का ते आधी पाहत आणि मुलांना वाचता येते का ते नंतर. “मला पुष्कळदा मारावंसं वाटायचं नाही,” अण्णा म्हणाले, “पण न मारण्याचं कारण काय सांगायचं, ते माझ्याजवळ नव्हतं. कायदा असता तर म्हणालो असतो, बंदी आहे बाबा, दुसरं काहीतरी बघू. आणि मग दुसरं काहीतरी बघावंच लागलं असतं.”

कायद्याविषयी इतके उपयुक्त वाक्य मी कोणत्याही निकालपत्रात वाचलेले नाही. बंदीचा कायदा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोलीस, फिर्याद, कोठडी येते. अण्णांच्या डोळ्यांपुढे तो मारू न इच्छिणाऱ्याच्या हातातला आधार म्हणून आला. आपल्या घरांत अशी पुष्कळ माणसे आहेत. रडणाऱ्या मुलाला घेऊन बसलेल्या तरुण आईला सासू सांगते, “एक ठेवून दे, म्हणजे गप्प बसेल.” लग्नकार्यात पंगतीत मूल हट्ट करते आणि चार बायका आईकडे असे पाहतात की तिने आता काहीतरी करून दाखवलेच पाहिजे. तिचा हात उठतो तो त्या चौघींसाठी उठतो. छडी लागे छमछम ही म्हण तिने ऐकलेली असते, ‘लालयेत् पञ्च वर्षाणि’ हे सुभाषितही ऐकलेले असते. त्या सुभाषितात पहिली पाच वर्षे केवळ लाड करावेत असे सांगितले आहे, मारण्याची दहा वर्षे त्यानंतरची आहेत, पण त्याचा पहिला चरण सांगणारे मला फारसे भेटलेले नाहीत. साडेचार वर्षांच्या मुलाला मारताना मी त्या सुभाषिताच्याही बाहेर गेले होते.

सरकारने घरात शिरू नये, हा आक्षेप मला मनापासून समजतो, कारण माझ्या व्यवसायात मी सरकारला घरात शिरताना पाहिले आहे आणि ते दृश्य सुखाचे नसते. पण हा आक्षेप महाराष्ट्राला नवा नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला तेव्हा पुण्यात याच शब्दांत वाद पेटला होता. मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचे वय दहावरून बारा करण्याचा तो कायदा. परक्या सरकारने आमच्या घरात आणि धर्मात ढवळाढवळ करू नये, सुधारणा समाजाने आतून करावी, असे टिळकांचे म्हणणे होते. आगरकर ‘सुधारक’मधून कायद्याच्या बाजूने उभे होते. परक्या सरकारविषयीची टिळकांची शंका किती खोल होती हे मी जाणते आणि तिची टवाळी करणे मला जमणार नाही. पण ज्या मुलींच्या शरीराचा प्रश्न होता, त्यांना समाज आतून सुधारेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. दहा वर्षांच्या मुलीचे अकरावे वर्ष एकदाच येते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि त्याने मला बरीच वर्षे अडवून धरले. कायदा झाल्यावर तो कोणावर चालेल? बंगल्यातल्या बंद दारामागच्या आईवर की साखर कारखान्याच्या तळावर, पालाबाहेर सगळ्यांच्या देखत मुलाला रट्टा घालणाऱ्या ऊसतोड कामगार बाईवर? तिला पहाटे तीनला फडात जायचे असते, दोन वर्षांचे मूल उसाच्या मोळ्यांत, कोयत्याजवळ, बैलांच्या पायांत जाते, आणि त्याला सांभाळायला सात वर्षांची बहीण सोडून कोणी नसते. त्या बाईला तुरुंगात पाठवणारा कायदा मला नको आहे. पोलीस ठाण्यात फिर्याद करण्याची धमकी देऊन तिच्याकडून पैसे उकळण्याचे साधन होणारा कायदाही मला नको आहे. नॉर्वेत २०११-१२च्या सुमारास भारतीय कुटुंबांतील मुलांना सरकारने ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या तेव्हा परदेशातल्या आपल्या कितीतरी घरांत भीती पसरली होती, आणि ती भीतीही मी बाजूला सारत नाही. मुलाला आईपासून तोडणे हा मारापेक्षा मोठा मार असू शकतो.

पण बंदी म्हणजे तुरुंग हे समीकरण आपण गृहीत धरतो, आणि तेच तपासून पाहिले पाहिजे. स्वीडनने जगात सर्वांत आधी ही बंदी घातली, ती १ जुलै १९७९ रोजी. आपली नवी न्याय संहिता लागू झाली तीही १ जुलैलाच, बरोबर पंचेचाळीस वर्षांनंतर. स्वीडनची बंदी फौजदारी कायद्यात नव्हती. ती पालकत्वाच्या दिवाणी संहितेत एका वाक्याने घातली गेली आणि त्या वाक्याला कोणतीही शिक्षा जोडलेली नव्हती. पालकांना मिळणारी जुनी फौजदारी ढाल त्यांनी त्याआधी बावीस वर्षे, १९५७ सालीच, काढून घेतली होती. म्हणजे गंभीर मारहाणीला आधीचा सामान्य कायदा पुरेसा होता आणि नव्या वाक्याचे काम होते ते फक्त सांगण्याचे. मग सरकारने ते सांगितले. मुले असलेल्या घरोघरी पुस्तिका पाठवली आणि दुधाच्या खोक्यांवर या कायद्याची माहिती छापली. सकाळी न्याहारीच्या टेबलावर आई, बाप आणि मूल तिघांच्याही मध्ये ते खोके असे, आणि वाचता येणारे मूल ते वाचत असे. १९६५मध्ये निम्म्याहून अधिक स्वीडिश लोक मुलांना मारणे आवश्यक मानत होते, १९९०च्या दशकात असे मानणारे साधारण दहात एक उरले. हा सगळा बदल एकट्या कायद्याने झाला असे मी म्हणणार नाही, कारण मत तर कायद्याच्या आधीपासूनच बदलू लागले होते. पण कायद्याने त्याला मागे फिरू दिले नाही.

न्यूझीलंडचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते, कारण तिथे लोक कायद्याच्या विरोधात होते. २००७ साली त्यांनी मुलाला सुधारण्यासाठी बळ वापरण्याची पालकांची मुभा काढून घेतली. २००९च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ८७ टक्के लोकांनी, चांगल्या वळणासाठी मारलेली चापट गुन्हा ठरू नये, असे मत दिले. ते मत सरकारवर बंधनकारक नव्हते आणि कायदा तसाच राहिला. त्या कायद्यात दोन गोष्टी शहाणपणाच्या आहेत. मुलाला इजेपासून वाचवण्यासाठी वापरलेले बळ, म्हणजे भट्टीच्या तोंडाशी गेलेल्या मुलाला दंडाला धरून खेचणे, याला त्यात मोकळीक आहे. आणि बाब अगदीच क्षुल्लक असेल तर खटला न भरण्याची मुभा पोलिसांना कायद्यातच लिहून दिली आहे. ऊसतोड करणाऱ्या त्या बाईविषयीच्या माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला तिथे मिळाले. दुसरे अर्धे उत्तर कायद्यात नाही, ते तळावरच्या पाळणाघरात आणि अंगणवाडीत आहे, आणि ते सरकारने न देता नुसती बंदी घातली तर तो ढोंगीपणा होईल.

आज साठाहून अधिक देशांत अशी बंदी आहे. नेपाळने ती २०१८ साली घातली, दक्षिण आशियात सर्वांत आधी. नेपाळात आपल्यापेक्षा श्रीमंती नाही, पोलीस अधिक सुसंस्कृत नाहीत, आजीआजोबांचा शब्द घरात कमी चालत नाही. त्यामुळे ‘हे सगळे युरोपातले लाड आहेत’ हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही. भारताने १९९२ सालीच बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत सहभागी होऊन मुलांना सर्व प्रकारच्या शारीरिक हिंसेपासून संरक्षण देण्याचा शब्द दिला आहे. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली महाराष्ट्र आणि गोव्यासह तेरा राज्यांत केलेल्या पाहणीत दर तीन मुलांपैकी दोघांना मारहाण सोसावी लागल्याचे आढळले, आणि ज्यांना कुटुंबात मार बसला त्यांच्यापैकी ८८.६ टक्के मुलांना तो आईवडिलांनीच दिला होता. हा आकडा सरकारने स्वतः मोजून स्वतः छापला आहे.

माराने मूल सुधारते का, याविषयी मी फार लिहीत नाही. २०१६ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी एक लाख साठ हजारांहून अधिक मुलांविषयीचे ७५ अभ्यास एकत्र तपासले आणि चापटीचा संबंध त्यांना अधिक आक्रमकतेशी व अधिक मानसिक त्रासाशी आढळला, चांगल्या वर्तनाशी आढळला नाही. पण समजा उद्या एखाद्या अभ्यासात उलट आढळले, तर मी माझे मत बदलीन का? बायकोला मारल्याने संसार सुरळीत चालतो असे कोणी आकडेवारीने दाखवले तर आपण २००५चा कायदा मागे घेऊ का? उपयोग होतो की नाही, हा प्रश्न त्या यादीतल्या इतर चौघांना सोडवताना आपण विचारला नाही.

मला हवा असलेला कायदा लहान आहे. कलम २७च्या खाली, मुलाला शिक्षा म्हणून केलेल्या माराला हे संरक्षण लागू नाही, एवढे एक स्पष्टीकरण. कलम ७५मधले ‘अनावश्यक’ हे विशेषण वगळणे. आणि पालकत्वाविषयीच्या दिवाणी कायद्यात एक साधे वाक्य, की मुलाला मारून वाढवता येणार नाही. जर्मनीने २००० साली असेच वाक्य आपल्या दिवाणी संहितेत लिहिले, मुलांना हिंसेविना वाढण्याचा हक्क आहे म्हणून. हे वाक्य जन्मदाखल्याच्या मागे छापता येईल, लसीकरणाच्या कार्डावर छापता येईल, आशाताईंना ते पहिल्या भेटीत आईला सांगता येईल. १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक मुंबईत १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या एका प्रयोगातून सुरू झाला आणि देशभर पोचला. मुलांना तो पाठ असतो असे मी शाळांतल्या कायदाविषयक शिबिरांत पाहिले आहे. त्या शिबिरांत एकदा चौथीतल्या एका मुलीने मला विचारले होते, “बाईंनी मारलं तर या नंबरवर सांगायचं. मग पप्पांनी मारलं तर कोणाला सांगायचं?” मी तिला सांगितले की फार मारले तर याच नंबरवर सांगायचे. तिने विचारले, “फार म्हणजे किती?”

मी वकील आहे, मला या प्रश्नाचे उत्तर यायला हवे होते. वळ उठला तर, रक्त आले तर, वस्तूने मारले तर, असे काहीतरी मी म्हणाले असेन. एका नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या अंगावरचा मार मोजायला मी शिकवीत होते, हे मला घरी परतताना जाणवले. तिला ‘मारायचेच नाही’ असे सरळ सांगता येईल असा कायदा माझ्यामागे उभा नव्हता.

अण्णा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने त्यांचा चष्मा खेळता खेळता मोडला, तेव्हा माझ्या भावाचा हात उठला. अण्णा खुर्चीतून म्हणाले, “राहू दे. मला जाग्यावर मारायची सवय होती म्हणून तुला आहे.” भावाने हात खाली घेतला. भाच्याने चष्म्याची मोडलेली दांडी शोधून आणली, आणि ते दोघे दुपारभर ती दोऱ्याने बांधीत बसले.

माझा मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे, पुण्यात शिकतो. हा लेख लिहायला घेतल्यावर मी त्याला फोन केला आणि त्या दुधाच्या पेल्याविषयी विचारले. त्याची माफी मी त्याच रात्री त्याच्या उशाशी बसून मागितली होती, पण तो झोपलेला होता. जागेपणी ती मागायची राहून गेली होती.

“आई, ते मला नाही आठवत,” तो म्हणाला. मला हायसे वाटले, आणि मी तसे बोलणार इतक्यात तो पुढे म्हणाला, “मला शिरवळचं आठवतं.”

“शिरवळचं काय?”

“आपण एसटीने पुण्याला चाललो होतो. गाडी शिरवळला थांबली होती. मी खिडकीतून हात बाहेर काढला म्हणून तू मला मारलंस. समोरच्या सीटवरची बाई बघत होती.”

मी त्याला विचारले की तेव्हा तो केवढा होता. दुसरीत असेन, तो म्हणाला. अंगात निळा स्वेटर होता, बाहेर पेरूवाला होता. मी कुठे मारले, हेही त्याने सांगितले.

मला त्यातले काहीही आठवत नाही. बाई नाही, पेरूवाला नाही, स्वेटर तेवढा आठवतो, पण तो त्याच्या अंगावर नाही, दोरीवर वाळत असलेला आठवतो.